दिवाणाखालचं लोखंड

सगळं सुरू झालं ते खांद्यावरून. उजवा खांदा धरला, फ्रोझन शोल्डर, ब्लाउजचं मागचं हुक लावता येईना, केस बांधता येईनात, लोकलमध्ये वरचा दांडा पकडता येईना, आणि डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला जाणाऱ्या बाईला दांडा पकडता येत नसेल तर तिने शेजारणीच्या अंगावर रेलूनच प्रवास करायचा. सात-आठ महिने त्यात गेले. खांदा सुटला शेवटी. पण शेवटच्या सेशनला त्या फिजिओ मुलीने (माझ्या लेकापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, मला काकू म्हणायची) हातात एक यंत्र दिलं आणि म्हणाली, काकू, जीव खाऊन दाबा. जीव खाऊन दाबलं. आकडा १७ किलोवर थांबला. मग म्हणाली हात छातीवर बांधा आणि खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा, जमेल तितक्या पटकन. १३ सेकंद. ती काही बोलली नाही, नुसतं लिहून घेतलं. मीच विचारलं, पास का नापास? तेव्हा कळलं की आशियातल्या तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये आकडे ठरवून दिलेत, बाईची पकड १८ किलोच्या खाली किंवा पाच उठाबशांना १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर स्नायू ओसरायला लागलेत अशी शंका घ्यायची. मी दोन्हीकडे नापास. वय वर्षं ४८.

आता मी काही बसून खाणारी बाई नाही. स्टेशनपर्यंत चालत जाते, जिने चढते, घरी आल्यावर पुन्हा ओट्यापाशी दोन तास उभी. हे सगळं तिला ऐकवलं. ती म्हणाली, काकू चालणं चांगलंच आहे, पण त्याने दम वाढतो, ताकद नाही, स्नायूला ओझं लागतं. आठवड्यातून निदान दोन दिवस. (जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींमध्येही हेच दोन दिवस आहेत, मी नंतर बघितलं, मला कोणी काही सांगितलं की खात्री करून घ्यायची खोड आहे, बँकेत २४ वर्षं काढल्यावर ती लागतेच.)

खरं तर मला आकडा नको होता, मला आधीच माहीत होतं. सिलेंडर. भरलेला सिलेंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं पंधरा-सोळा किलो, म्हणजे तीस किलोच्या आसपास. लग्नानंतर कितीतरी वर्षं तो मी एकटी तिरका करून गोल गोल फिरवत बाल्कनीतून ओट्याखाली आणायचे. कधी बंद झालं आठवत पण नाही. लेक मोठा झाला, तो आणायला लागला, आणि एक दिवस तो घरी नव्हता तेव्हा मी सिलेंडरला हात लावला आणि तो जागचा हलला नाही. मी चक्क वॉचमनला बोलावलं.

आणि दुसरं म्हणजे आई. माझ्या आईला शेवटची दोन वर्षं ना शुगर होती ना हार्ट. तिला फक्त उठता येत नव्हतं. कमोडवरून, खुर्चीवरून, पलंगाच्या कडेवरून. डोकं शाबूत, हिशेब तोंडपाठ, आणि उठायला दोन माणसं. १९९० साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये एका प्रयोगाचे निष्कर्ष छापून आले, वृद्धाश्रमातली दहा माणसं, सरासरी वय ९०, आठ आठवडे त्यांच्याकडून पायाने वजनं उचलून घेतली आणि ज्यांनी ते पूर्ण केलं त्यांची पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! हे मी आई गेल्यावर वाचलं. आम्ही आईला ८१ व्या वर्षी काय दिलं, तर मऊ भात आणि "तू बस गं, उठू नकोस, मी देते".

असो.

जिम आधी करून झाली होती. स्टेशनजवळची, तीन महिन्यांचे पैसे एकदम भरलेले, ११ दिवस गेले. गाणी इतकी मोठ्याने की ट्रेनर काय बोलतोय ते कळायचं नाही आणि तो जे बोलायचा ते "मॅडम ट्रेडमिल करा, वजन उतरेल" एवढंच असायचं. मला वजन उतरवायचं नव्हतं, उचलायचं होतं. आणि सकाळी साडेसहा ते आठ ही जिमची वेळ, तीच माझ्या घरात तीन डबे, एक काढा आणि एक हरवलेला मोजा यांची वेळ. तेव्हा घरीच काय ते करायचं असं ठरलं आणि मी रात्री पडल्या पडल्या मोबाईलवर बघायला लागले. जे बघावं ते कॉम्पॅक्ट. फोल्डिंग बेंच कॉम्पॅक्ट, मल्टी-जिम कॉम्पॅक्ट, त्या फोटोतल्या खोलीत एक झाड, एक खिडकी आणि मध्ये ते मशीन, बाकी माणूस नाही काणूस नाही.

मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. आमचं घर ५४५ चौरस फूट कार्पेट. बेडरूममध्ये पलंग आणि कपाट यांच्यामध्ये २२ इंच, म्हणजे कपाटाचं दार उघडलं की माणसाने पलंगावर चढायचं. दुसऱ्या खोलीत लेक, त्याचं टेबल, त्याचा कॉम्प्युटर, गिटार जी तो वाजवत नाही. हॉलमध्ये सोफा, सासूबाईंचा दिवाण, टीव्ही, नवऱ्याची ती मागे रेलणारी खुर्ची जी उघडली की बाल्कनीचं दार बंद होतं. टेप धरून फिरताना माझ्या लक्षात आलं की या घरात प्रत्येकाची एक जागा आहे, देवांची पण आहे, माझी कुठली म्हणायची? ओटा. ओटा आणि त्याच्यापुढची दोन फूट फरशी. मी काही रडले वगैरे नाही, पण टेप हातात घेऊन जरा वेळ उभी राहिले हे खरं. मग टीपॉय भिंतीला लावला आणि मोजलं, दिवाण आणि टीव्हीच्या मध्ये सहा फूट बाय साडेतीन फूट. योगा मॅट बसते आणि हात पसरले तर उजवा हात टीव्हीला लागत नाही, चार बोटं उरतात. वेळ सकाळी पाच चाळीस ते सहा दहा. त्या वेळी हॉलमध्ये कोणी नसतं. सासूबाई असतात, दिवाणावर, जाग्या, पण त्यांना धरायचं नाही असं मी ठरवलं. चुकीचं ठरवलं.

घरात एक व्यायामाचं सामान आधीपासून होतंच, माळ्यावर. २०२० च्या लॉकडाउनमध्ये नवऱ्याने मागवलेला २० किलोचा पीव्हीसी वजनांचा सेट. तेव्हा सगळ्यांनीच मागवला होता, आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरात तोच. म्हणजे वरून काळं प्लॅस्टिक आणि आत सिमेंट. सिमेंट लोखंडापेक्षा खूप हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनासाठी प्लेट जाडजूड, तीन किलोची प्लेट बघितली तर वाटावं दहा किलोची आहे. नवऱ्याने सँडो बनियन घालून नऊ दिवस केलं. (या बनियनला हे नाव ज्याच्यावरून पडलं तो सँडो म्हणजे जर्मनीत जन्मलेला पहिलवान, १९०४-०५ च्या सुमाराला तो हिंदुस्थानात खेळ करायला येऊन गेला. गंमत म्हणजे तो स्प्रिंगवाले डंबेल्स आणि रबरी ताण देणारं यंत्र घरोघरी विकायचा, म्हणजे कोपऱ्यात मावणारं सामान विकण्याचा धंदा सव्वाशे वर्षं जुना आहे आणि ते पलंगाखाली पडून राहण्याची परंपरा पण तेवढीच जुनी असणार. आमच्या मामाकडे बुलवर्कर होता, दोन्ही हातांनी दाबायचं नळीसारखं यंत्र, मासिकातली जाहिरात बघून मागवलेला, आम्ही मुलं त्याने तलवारबाजी खेळायचो.) तर तो सेट मी माळ्यावरून काढला. एक प्लेट चिरली होती आणि त्यातून राखाडी पावडर गळत होती. दांडीच्या टोकाचं ते ताऱ्याच्या आकाराचं नट फिरवून घट्ट करायचं, प्लेट बदलायची तर चार नट काढा, चार लावा, आणि दर दहा वेळा उचललं की ते हळूच सैल होतं. वजन बदलण्यातच माझी तीसातली दहा मिनिटं गेली. दांडी मी ठेवली, तिच्यावर पावसाळ्यात टॉवेल छान वाळतात. बाकी भंगारात.

मग बँड घेतले. सगळ्यात कमी जागा, सगळ्यात कमी पैसे, एका पिशवीत पाच, ४१ इंचाचे गोल, पाच रंग. कुठला रंग किती किलोचा याचा काही नियम नाही हे नंतर कळलं, एका कंपनीचा लाल तो दुसरीचा जांभळा. आणि रबराचं असं आहे की जितकं ताणाल तितकं ते ओढतं, म्हणजे सुरुवातीला काहीच नाही आणि शेवटच्या चार इंचात एकदम दम काढतं, त्यामुळे आज मी किती किलो ओढलं हे काही सांगता येत नाही. मला आकडा लागतो. तरी पाठीसाठी बँडसारखं दुसरं काही नाही, दारात अडकवायचा (पट्ट्याच्या टोकाला फोमचा गोळा असतो, तो दाराच्या फटीपलीकडे राहतो) आणि स्वतःकडे ओढायचा. आता यात एक मेख आहे, दार ज्या बाजूला उघडतं तिकडून ओढायचं नसतं, ज्या बाजूला बंद होतं तिकडून ओढायचं, म्हणजे ओढाल तसं दार आणखी घट्ट बसतं. मला हे माहीत होतं. मी बरोबर बाजूला उभी होते. फक्त दारामागे माझा लेक झोपला होता हे मी धरलं नव्हतं, त्याने सहा वाजता बाथरूमला जायला दार आत ओढलं, आणि मी हॉलमध्ये बुडावर बसले. फटीतून सुटलेला तो फोमचा गोळा टीव्हीला लागला नाही ही देवाची कृपा. सासूबाई दिवाणावरून म्हणाल्या, "झालं का आजचं?"

पुढच्या उन्हाळ्यात त्यातला हिरवा तुटला. मी तो खिडकीच्या खिळ्याला लटकवून ठेवायचे, ऊन लागायचं, लेटेक्सला ऊन चालत नाही, बारीक बारीक तडे जातात, ताणून बघितलं असतं तर दिसले असते. मांडीवर वळ उठला तो आठ दिवस होता. तेव्हापासून बँड कपाटात, अंधारात, आणि वापरायच्या आधी बोटाने चाचपून.

दारात लावायचा पुल-अप बार मी एका वाक्यात संपवते. बिनस्क्रूचा मिळतो तो परदेशी चौकटीच्या वरच्या पट्टीवर अडकतो आणि आपल्याकडच्या चौकटी भिंतीच्या पातळीत सपाट असतात, अडकणार कशाला?

यानंतर मी ज्याच्या प्रेमात पडले ते म्हणजे डायलवाले डंबेल्स. एकच जोडी, बाजूला चकती, फिरवली की २ किलोपासून २४ किलोपर्यंत जे हवं ते, बाकीच्या प्लेट खालच्या ट्रेमध्येच राहतात. १५ जोड्यांचं काम एका जोडीत. कॉम्पॅक्ट म्हणजे हे! रात्री अकरा वाजता ते कार्टमध्ये टाकायचे आणि सकाळी काढायचे असं मी तीन आठवडे केलं. किंमत हे एक कारण, पण आणखी दोन होती. एक म्हणजे वजन कमी केलं तरी दांडीची लांबी तेवढीच राहते, म्हणजे मी ४ किलो उचलणार आणि हातात हातभर लांब अवजार, माझ्या त्या चार बोटांच्या जागेत. आणि दुसरं, आत सगळी नाजूक मशिनरी, आपटायचं नाही, आणि बिघडली तर? २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेत बोफ्लेक्स या ब्रँडचे असे ३८ लाखांच्या आसपास डंबेल्स परत मागवले गेले, उचलताना प्लेट हँडलवरून सुटून खाली पडत होत्या. आता सगळे असेच असतात असं नाही, माझ्या एका कलीगकडे दुसऱ्याच कंपनीचे आहेत आणि तो खूश आहे. पण माझं म्हणणं असं की डोक्यावर धरायच्या वस्तूत भाग जितके कमी तितकी मला झोप बरी लागते.

साधे षटकोनी रबरी डंबेल्स? उत्तम वस्तू, लोळत नाहीत, तुटत नाहीत. पण अडीच, पाच, साडेसात, दहा अशा चार जोड्या घेतल्या तर आठ नग आणि ५० किलो, ठेवायला स्टँड, आणि स्टँड म्हटलं की पुन्हा टेप.

धोबी तलाव माझ्या ऑफिसपासून चालत दहा मिनिटं. खेळाच्या सामानाची दुकानं ओळीने. एका दुपारी डबा लवकर खाऊन गेले. दुकानदाराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि काही न विचारता गुलाबी रंगाचे दोन किलोचे डंबेल्स काउंटरवर ठेवले, "लेडीज". मी म्हटलं भाऊ, माझ्या खांद्यावरची पर्स तीन किलोची आहे. तो हसला, मग बरा वागला. बहुतेक माल मेरठ आणि जालंधरचा हे त्यानेच सांगितलं, आणि कोपऱ्यातून ती वस्तू काढून दिली जी मी मोबाईलवर बघून सोडून दिली होती कारण ती फारच साधी वाटली होती. केटलबेल. लोखंडाचा गोळा आणि वर कडी. बस. ना नट, ना चकती, ना रबर. ही रशियातली, तिकडे बाजारात धान्य तोलायच्या वजनांपासून तिची सुरुवात झाली असं सांगतात, आणि तिचं माप अजूनही पूडमध्ये मोजतात, एक पूड म्हणजे १६.३८ किलो, म्हणूनच ती १६, २४, ३२ अशी येते. धान्य तोलायचं वजन म्हटल्यावर माझ्या डोक्यात काहीतरी हललं, पण लंच टाइम संपत आला होता.

मी दहा-बारा केटलबेल उचलून बघितल्या. हे ऑनलाइन होत नाही. काहींच्या दांडीवर ओतकामाची शिवण तशीच राहिलेली, हाताला टोचणारी, स्वस्त मालात ही असतेच आणि पाच मिनिटात तळहाताची साल निघते. काहींच्या बुडाला रबर, काही वाकड्या बसत होत्या. प्लॅस्टिकचं वेष्टन असलेल्या मी बाजूला केल्या, सिमेंट आठवलं. ८ किलोची एक साधी, पावडर कोटिंगवाली घेतली. पुढच्या आठवड्यात जाऊन १२ ची.

ती १२ किलो घरी आणणं हा एक स्वतंत्र व्यायाम. ऑफिसची पर्स, डबा, छत्री आणि जाड कापडी पिशवीत लोखंड. लेडीज डब्यात शिरले, वर रॅकवर ठेवायचा प्रश्नच नव्हता, कोणाच्या डोक्यात पडलं असतं तर? पायात ठेवलं तर कुर्ल्याला चढलेल्या बाईचा अंगठा आपटला. "काय आहे गं यात?" वजन. "कसलं?" उचलायचं. सगळ्या हसायला लागल्या. एकीने, मुलुंडला उतरणारी, नेहमीची, पिशवी हातात घेऊन बघितली, दोनदा वर-खाली केली आणि गंभीरपणे म्हणाली, माझा नातू एवढाच आहे. त्यानंतर डोंबिवलीपर्यंत ती पिशवी चार जणींच्या हातातून फिरून आली, कोणाला दोन बोटांवर जमतंय, कोणाला दंड दुखतोय, कोणाला गर्भाशय काढल्यावर डॉक्टरांनी उचलू नको सांगितलंय ते अजून दहा वर्षांनी पण उचलत नाहीये. त्या डब्यात पन्नाशीच्या अलीकडच्या-पलीकडच्या सगळ्या आणि प्रत्येकीचं काही ना काही दुखत होतं. कोणी तरी यावर बोलायला पाहिजे, पण मी थकले होते.

घरी ठेवायचं कुठे. नवरा म्हणाला बॉक्स बेडमध्ये ठेव, आत भरपूर जागा आहे. आहे ना. पण बॉक्स बेड उघडायचा म्हणजे वरची चादर काढा, नवऱ्याला उठवा, गादीसकट फळी वर उचला. पहाटे पाच चाळीसला. माझा स्वभाव मी ओळखते, तिसऱ्या दिवशी मी ते केलं नसतं. माळ्यावर तर त्याहून नाही. सामान किती बारीक आहे त्यापेक्षा ते हाताला किती पटकन लागतंय हा खरा हिशेब, आणि त्या हिशेबात आमच्या घरात एकच जागा बसत होती, सासूबाईंच्या दिवाणाखाली. तिथे सात इंच उंचीची मोकळी पोकळी आहे आणि तिथे त्यांचे गावाकडचे पितळी डबे होते. ८ किलोची केटलबेल उभी बसत नाही सात इंचात, आडवी बसते. मी घाबरत घाबरत विचारलं, अहो आई, तुमचे डबे जरा सरकवू का?

त्या म्हणाल्या, "पैसे देऊन ओझं आणलंस होय. आमच्या वेळी ओझं फुकट असायचं."

पण डबे त्यांनी स्वतःच सरकवले. आणि दुसऱ्या दिवसापासून प्रेक्षक. सासूबाई कराडच्या, त्यांचा थोरला भाऊ तालमीत जायचा, करेल (जड मुद्गल) फिरवायचा, जोर मारायचा, आणि १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ मिळवणारे खाशाबा जाधव शेजारच्या गोळेश्वरचे, त्यामुळे व्यायाम या विषयावर आपला वारसाहक्क आहे असं त्यांना वाटतं. "पाठ मोडली बघ तुझी", "श्वास सोड की", "गुडघे आत चाललेत". आणि गंमत म्हणजे बरोबर असायचं. फिजिओ मुलीने शिकवलेलं त्याच भाषेत. एकदा मी विचारलं, तुम्ही कधी तालमीत गेलात? बायकांना कसली तालीम, म्हणाल्या, आम्हाला जातं. पहाटे दोघी समोरासमोर बसून. त्यांचा हात अजून बघण्यासारखा आहे. मला खूप वाटतं त्यांची पकड मोजून घ्यावी, ७६ व्या वर्षी माझ्यापेक्षा जास्त भरेल म्हणून मी घेत नाही.

फरशीचं सांगायचं राहिलं. खालचे काका वर आले. आवाजाची तक्रार असेल असं वाटलं तर नाही, त्यांना स्लॅबची काळजी. टीव्हीवर काहीतरी बघितलं होतं त्यांनी. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर योगायोगाने जिन्यात भेटले आणि त्यांनी काकांना समजावलं की राहत्या घराचा स्लॅब बांधकामाच्या कोडप्रमाणे चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून काढतात, हिच्याकडे हळदीकुंकवाला वीस जणी येतात तेव्हा तुम्हाला स्लॅब आठवला नाही का, आता हिने वीस किलो आणलं तर आठवला? काका गेले. पण खरा प्रश्न वजनाचा नाहीच, आपटण्याचा आहे. व्हिट्रिफाइड टाइलवर केटलबेल कोपऱ्याने टेकली की टवका उडतो, मी एक उडवलाय, त्यावर आता टीपॉयचा पाय असतो. फोमच्या त्या कोड्यासारख्या एकात एक अडकणाऱ्या मॅट घेतल्या त्या चुकल्या, मऊ असतात, वजन घेऊन उभं राहिलं की पाय डगमगतो. शेवटी रबरची जाड शीट दीड बाय दोन फूट, खाली जुनी गोधडी. ती गुंडाळून दिवाणामागे उभी राहते.

आणि गंज. जूनपासून सप्टेंबरपर्यंत डोंबिवलीत पापड मऊ पडतात तिथे लोखंडाचं काय. घाम पुसायचा आणि पंधरा दिवसांनी शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं. एवढंच त्याचं सर्व्हिसिंग.

व्यायाम काय करते ते फार नाही. छातीशी धरून उठाबशा, जमिनीवरून उचलणं, एका हाताने डोक्यावर नेणं, बँड ओढणं, आणि शेवटी एका हातात १२ घेऊन हॉल ते स्वयंपाकघर, अकरा पावलं, वळायचं, परत. आठवड्यातून तीनदा. यात हुशारी काही नाही. पहिला महिना नुसता ८ किलोचा, आणि मांड्या अशा दुखायच्या की लोकलमधून उतरताना मी कोणाच्या तरी खांद्याला धरायचे, म्हणजे पुन्हा जिथल्या तिथे.

पाचव्या महिन्यात अडकले. उठाबशांना १२ किलो हलकं वाटायला लागलं होतं, पण डोक्यावर नेताना ८ आरामात जायचं आणि १२ कानाच्या वर हलायचं नाही. घरच्या सामानाचं हे खरं दुखणं, जिममध्ये ८ नंतर ९, १० असं असतं, इथे ८ नंतर थेट १२, म्हणजे एकदम दीडपट. आता १० किलोची आणखी एक घ्यायची तर दिवाणाखाली डबे आणखी सरकणार.

दिवाळीला माहेरी गेले, तासगावला. बाबांचं किराणा-भुसार दुकान होतं, आता भावाने तिथे मोबाईल रिपेअरिंगला गाळा दिलाय. मागच्या खोलीत अंधारात पोत्यांखाली ती पडलेली, तराजूची वजनं. पाच किलोचं, दहाचं, वीसचं. चौकोनी लोखंडी ठोकळा आणि वर आडवी दांडी, पकडायला. धोबी तलावला डोक्यात जे हललं होतं ते हे. लहानपणी बेदाण्याच्या सीझनला बाबा म्हणायचे दहाचं आण, आणि मी, बारा वर्षांची, दोन्ही हातांनी दांडी धरून ते मांडीवर आपटत आपटत आणायचे, भाऊ माझ्यापेक्षा लहान होता त्याला झेपायचं नाही याचा मला केवढा माज. बाजूला भोकात ओतलेलं शिसं, त्यावर वजनमापं तपासणाऱ्या इन्स्पेक्टरचे शिक्के, एकावर एक मारून पुसट झालेले. मी दहाच्या दांडीत बोटं घातली आणि उचललं. एका हाताने.

भाऊ म्हणाला काय करणार नेऊन, भंगारवाला येतो दर महिन्याला. एसटीत कंडक्टरने लगेज लावलं नाही, पिशवी लहान दिसत होती.

ते काही व्यायामासाठी केलेलं नाही, डोक्यावर नेताना त्याची कड मनगटावर घासते म्हणून मी लेकाचा जुना मोजा गुंडाळते (हरवलेल्याची जोडी). दांडी आखूड, माझी चार बोटं जेमतेम मावतात, नवऱ्याची मावत नाहीत. दिवाणाखाली मात्र ते सात इंचात असं बसलं जसं काही मापाने करून घेतलंय, आणि सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, मी काही बोलले नाही.

मार्चमध्ये फिजिओ मुलीकडे जाऊन आले, मुद्दाम. पकड २१. पाच उठाबशा ९ सेकंद. सिलेंडर मी आता आणते, तिरका करून, गोल गोल, मधे एकदा थांबते.

गेल्या रविवारी सहज सुचलं म्हणून बाबांचं वजन बाथरूममधल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघितलं. ९.७. पुन्हा ठेवलं, ९.७. लेक म्हणाला, आई, आजोबा तर... मी त्याला तिथेच गप्प केलं. बाबा मापात पाप करणारे नव्हते. काटा बदलायला झालाय.